चापाची नथ

दौंडहून येणाऱ्या एसटीत मी न्हावऱ्याला चढले, आई पुढच्या सीटवर बसली आणि गाडीनं असा गचका दिला, की माझी चमकी नाकावरून निसटून शेजारच्या मुलाच्या मांडीवर पडली. त्यानं ती उचलून उलटसुलट पाहिली.

"ही तर चापाची हाय," तो हळूच म्हणाला. "नाक टोचलं न्हाई व्हय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

मी चमकी हिसकावली, डाव्या हातानं. उजवा ओढणीखाली होता. सहा वर्षांची असताना तो खव्याच्या कढईत भाजला, तेव्हापासून दोन बोटं तळव्याला चिकटलेली... शिरूर येईपर्यंत मी खिडकीतून ऊस बघत होते आणि काचेत तो मुलगाच दिसत होता. बरा दिसत होता, खोटं कशाला बोलू?

तासाभरानं दवाखान्यात फॉर्म घेऊन समोर बसला, तो एसटीतलाच! नाव संघर्ष, लॅबमध्ये कामाला. मांडीची कातडी लावून माझी बोटं मोकळी करायची होती, त्याआधीची चौकशी.

"अनुपमा... समाज कोणता? मूळ गाव? आजोळ?"

"रक्त तपासताय का सोयरीक जुळवताय?"

त्याचे कान लाल झाले. "तसं न्हाई ओ. आपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून सुई देत्यात, तिचं माप बाहेरच्या देशातल्या लोकांवर ठरलेलं. आपल्याकडं गुठळ्या कमी आन् रक्त जायची भीती जास्त, असं डॉक्टर मॅडम म्हणत्यात. तरी घराघराचं येगळं असतं, म्हणून इचारायचं. घरात कुणाचं रक्त लवकर थांबत न्हाई, असं हाय?"

शेजारी बसलेल्या आईनं माझा दंड दाबला. "कुणाचंच न्हाई."

त्यानं 'नाही' लिहिलं. मग माझ्या चमकीकडे बघत राहिला, आणि मी जमिनीकडे.

लहानपणी माझे कान टोचले, तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. मावशीचंही तसंच. तिचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं, म्हणून आईनं माझं नाक टोचलंच नाही आणि सगळ्यांपासून लपवलं. खरं सांगितलं तर गावभर होणार. आणि त्याला कळणार... नाही सांगितलं तर ऑपरेशनच्या टेबलावरच काहीतरी व्हायचं.

आई चहाला गेली, तशी मी लॅबमध्ये शिरले आणि चमकी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"आई खोटं बोलली. माझं रक्त थांबत न्हाई. मावशीचंबी." मी उजवा हात ओढणीबाहेर काढला. "आता सांगा गावभर."

त्यानं 'नाही' खोडलं. "फक्त मॅडमना सांगीन," तो म्हणाला आणि चमकी माझ्या आखडलेल्या बोटांत हलकेच अडकवली. त्या हाताला आजवर कुणी आपणहून हात लावला नव्हता.

ऑपरेशन तीन आठवडे पुढं गेलं. पुण्याला तपासण्या झाल्या, ती सुई रद्द झाली, रक्त थांबवायचं औषध आधीच मागवलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ऑपरेशन नीट पार पडल्यावर मात्र दवाखान्यातच रडली.

दोन महिन्यांनी, बोटांच्या व्यायामाच्या शेवटच्या दिवशी, संघर्ष दवाखान्याच्या पायरीवर थांबला होता.

"हात बघू."

मी तळवा उघडला. त्यानं त्यावर कागदाची पुडी ठेवली. आत मोत्यांची नथ होती. चापाची.

"तुमच्या रक्ताचं घरी कुणाला बोललो न्हाई," तो म्हणाला. "तुम्ही व्हय म्हणलात, तर... लग्नात हीच घाला."

सोळा वर्षं ती बोटं मिटलेलीच होती. आज पहिल्यांदा मी ती माझ्या मर्जीनं मिटली, नथीवर.