मीटर पिशवीतच राहिला

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझ्या दातांत सोल्डरची तार होती. दोन हात कमी पडले की मी तार दातांत धरायची, आणि बहिरूमामा ओरडायचा, "विष असतं त्यात, मंजुषा!" त्या दिवशी मामा दुकानात नव्हता. समोर एक उंच, घामाघूम मुलगा... आणि मी तोंडात तार धरून त्याच्याकडे बघतेय.

"दुकानात कोणी आहे का?" त्याने विचारलं.

मी तार काढली. "मग मी कोण?"

"तसं नाही – म्हणजे... मिस्त्री?"

"मीच."

तो कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं.

अठ्ठ्याण्णवचा एप्रिल होता तो. नाशिकरोडला, बिटकोच्या मागे, मामाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मी बावीस वर्षांची. कोर्स-बिर्स काही केला नव्हता, लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून उघडूनच शिकले होते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरीच्या जातीला काय कळतंय त्यातलं. म्हणूनच की काय, आपल्याला सगळं कळतं हे दाखवायची मला भारी हौस.

त्याचं नाव कुंदन. गाव कळवणकडचं, नोकरी सातपूरच्या एका कंपनीत, आणि आमच्याच वस्तीतल्या काळूदादांच्या गायन पार्टीत तो गिटार वाजवायचा.

"ढोलकी सुरू झाली की माझी गिटार मलाच ऐकू येत नाही," तो म्हणाला. पार्टीकडे गिटारचा ॲम्प्लिफायर होता, पण लहान. एकाच पेटीत मशीन आणि स्पीकर. कुंदनला मित्राच्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातला स्पीकरचा मोठा खोका मिळाला होता. तो मागून जोडायचा होता.

"मशीनला मागे जागा आहे जोडायला?"

"एक भोक आहे."

"त्याला जॅक म्हणतात."

"बघा. म्हणूनच आलो."

मी त्याला समजावून सांगितलं – ओहमचा आकडा जेवढा लहान तेवढं मशीनवर ओझं जास्त. आतल्या स्पीकरला बाहेरचा जोडला की आकडा आणखी खाली येतो. चारच्या खाली गेला तर मशीन जळतं. खोका मीटरने मोजल्याशिवाय जोडायचाच नाही.

"लक्ष कुठाय तुमचं?" मी विचारलं.

"ओहमकडेच," तो म्हणाला. बघत होता माझ्याकडे.

जाताना पायरीवर थांबला. "जोडायला तुम्ही याल का... ताई म्हणू?"

"नाव आहे मला."

"बरं झालं," तो म्हणाला. "मला ताई म्हणायचंच नव्हतं."

चौदा एप्रिलला संध्याकाळी पाचला मी विहाराशेजारच्या मैदानात गेले. स्टेज बांधून तयार, पार्टीची मंडळी चहाला गेलेली. काळूदादांची सक्त ताकीद होती – मला विचारल्याशिवाय मशीनला कोणी हात लावायचा नाही.

"आधी आवाज ऐकवू, मग सांगू," कुंदन म्हणाला. "खूश होतील."

खोक्याच्या मागच्या झरोक्यातून स्पीकरवरचं लेबल दिसत होतं – आठ ओहम. मशीनचा आतला आठ आणि हा आठ; सारखे दोन जोडले की आकडा निम्मा, म्हणजे चार. बसतंय. तरी सवयीने माझा हात पिशवीत मीटरकडे गेला.

"तुम्हालाही मीटर लागतो?" तो हसला. "मला वाटलं, तुम्हाला नुसतं बघून कळतं."

तो शेजारी उकिडवा बसला होता. इस्त्रीचा निळा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. खोक्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. माझ्या बोटांकडे बघत होता, मग माझ्या तोंडाकडे... मी पिशवीतून रिकामा हात बाहेर काढला.

"कळतं की," मी म्हणाले आणि वायर जोडून टाकली.

खोक्यात एक नव्हे, दोन स्पीकर होते. मी वाचलं ते एकाचंच लेबल. दोघांचा मिळून आकडा चार, आणि मशीनचा स्वतःचा स्पीकर धरला की तीनच्याही खाली. मीटर लावला असता तर काट्याने तिथल्या तिथे चाडी केली असती.

दोन गाणी झकास झाली. गिटार मैदानभर घुमली, लोक माना वळवून बघू लागले. कुंदनने स्टेजवरून मला शोधलं, बायकांच्या तिसऱ्या रांगेत, आणि भुवया उडवल्या – कसं काय? मी पदराआड हसले. तिसऱ्या गाण्यात कडव्याच्या मध्येच जळका वास आला आणि गिटार गप्प झाली.

काळूदादांनी गाणं थांबवलं. माईक चालूच होता.

"मशीनला कोणी हात लावला?"

माझं तोंड उघडलं. शप्पथ, उघडलं होतं. पण शेजारी गल्लीतल्या त्याच बायका बसलेल्या... आवाज काही बाहेर पडला नाही.

"मी," कुंदन म्हणाला.

"सांगितलं होतं ना तुला? जयंतीच्या दिवशी लाज घालवली पार्टीची! उतर खाली. बुद्धपौर्णिमेला पण येऊ नको. कधीच येऊ नको."

सगळं माईकवरून. हजार माणसांत. गिटार पिशवीत घालून तो उतरला. जाताना माझ्या दिशेने त्याने मानसुद्धा वळवली नाही. कोणाला संशय यायला नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी काळूदादा तेच मशीन घेऊन आमच्याच दुकानात आले.

"जय भीम, बहिरूभाऊ. बघ त्या पोराने काय करून ठेवलंय. अरे, वस्तीत एवढी हुशार पोरगी आहे, तिला विचारायचं ना! तू असतीस तर असं झालं नसतं, काय मंजू?"

मामाची छाती फुगली.

"हो," मी म्हणाले.

त्या रात्रीपासून तो एक 'हो' माझ्या कानात वाजत राहिला. मशीन उघडलं. आतले दोन ट्रान्झिस्टर काळे पडले होते, ते बदलले. तासाभराचं काम. मी मात्र दोन आठवडे 'पार्ट मिळत नाही' म्हणत राहिले. मशीन परत द्यायचं म्हणजे काळूदादांकडून पुन्हा शाबासकी घ्यायची.

एका संध्याकाळी कुंदन सायकलवरून दुकानासमोरून गेला. मी कामाचा ॲप्रन तसाच ठेवून रस्त्यावर धावले.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"कोण, मी?" तो एक पाय टेकून थांबला. "हात मी लावला नव्हता का? खोका मीच उचलून आणला."

"थट्टा नको. मी सांगितलं होतं का असं बोलायला?"

"नाही." तो हँडलकडे बघत राहिला. "तुम्हाला आता कुठे लोक मिस्त्री म्हणायला लागलेत, मंजुषा. मला कोण काय म्हणतं?"

"गिटारवाला म्हणायचे."

तो सायकलची घंटी अंगठ्याने पुसू लागला – पार्टीशिवाय गिटार घेऊन बसायचं कुठे, हे काय मला कळत नव्हतं?

रविवारी दुपारी मी मशीन घेऊन विहारात गेले. तालीम चालू होती. मामा रिक्षातून मशीन उतरवायला सोबत. काळूदादांनी तोंड भरून कौतुक सुरू केलं.

"थांबा दादा," मी म्हणाले. "मशीन मी जाळलं होतं. खोका मी जोडला. मीटर न लावता. कुंदनने नाव स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

पेटीचा भाता हळूच मिटला. मामाने मान खाली घातली. काळूदादा ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते खाली बसले आणि म्हणाले, "मी त्या पोराला माईकवरून बोललो गं."

कोरसमधल्या शकुबाईंना मात्र चैन पडेना. "पण मी म्हणते, मीटर होता ना पिशवीत? मग काढला का नाहीस?"

सगळे बघत होते. मामासुद्धा. मी उत्तर दिलं, आणि मागून काळूदादांचं "त्याला घेऊन ये, गिटारसकट!" ऐकत तिथून पळत सुटले.

कुंदन दत्तमंदिर स्टॉपजवळच्या टपरीवर चहा पीत होता.

"काळूदादांनी बोलावलंय," मी धापा टाकत म्हणाले. "आत्ता. गिटार घेऊन."

"का?"

"मी सांगितलं सगळं."

त्याने ग्लास खाली ठेवला. "वेड्या आहात का? सगळ्यांसमोर?"

"मामासमोरसुद्धा."

"मग?"

"मग शकुबाईंनी विचारलं, मीटर का नाही काढला."

"मग... काय सांगितलंत?"

माझे कान तापले. मे महिन्याचं ऊन त्यामानाने काहीच नव्हतं. "आता खोटं बोलणार नाही असं दोनच मिनिटांपूर्वी ठरवलेलं. मग काय सांगणार? म्हटलं – तो माझ्याकडे बघत होता, आणि मला ते आवडत होतं... म्हणून."

कुंदनचा रंग बदलत गेला. आधी कान, मग मान, मग निळ्या शर्टाच्या कॉलरपर्यंत सगळा लाल.

"आता मी कोणत्या तोंडाने जाऊ तिथे?" तो कसाबसा म्हणाला.

"आणि मी एकटी कोणत्या तोंडाने जाऊ?"

मग त्याने खोलीवरून गिटार आणली. रस्ताभर आम्ही दोन हात अंतर ठेवून चाललो. विहाराच्या दाराशी चपला काढताना आतून शकुबाईंचं "आले गं बाई, आले!" ऐकू आलं आणि पाठोपाठ ढोलकीवर कोणीतरी आगाऊपणे एक थाप मारली. पुढे कोणी जायचं हे काही ठरेना. शेवटी माना खाली घालून, खांद्याला खांदा घासत, आम्ही दोघं एकदमच आत शिरलो.