जुन्या रस्त्याचा उतार

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये माझं काम शेवटी पळायचं. कोच उन्मेष सगळ्यांत पुढे आणि मी सगळ्यांत मागे. कुणाच्या पोटरीत गोळा आला, कुणाला दम लागला, की मी त्याच्यासोबत थांबायचं. आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये असते. तिथे घाई करून चालत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं.

डिसेंबरातला दुसरा रविवार होता. जानेवारीत हाफ मॅरेथॉन, त्यामुळे त्या दिवशी अठरा किलोमीटर करायचे होते. पहाटे साडेपाचला आम्ही बारवी धरणाच्या रस्त्यावर बनूबाईंच्या चहाच्या टपरीपाशी गाड्या लावल्या आणि धावायला लागलो. धुकं इतकं की कपाळावरच्या टॉर्चचा उजेड दहा पावलांवर पांढरा होऊन थांबत होता.

माझ्याबरोबर मागे राहिल्या होत्या वृंदाताई. वय बावन्न, अंबरनाथला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर या पळायलाच लागल्या. त्यांचा मुलगा सात वर्षांचा असताना तापात गेला, हे ग्रुपमध्ये फक्त मला ठाऊक होतं. रात्रभर वाट पाहिली आणि सकाळी नेलं, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

पाचवा किलोमीटर झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई चांगली पळते, नाही?"

"कोण?"

"ही काय, पुढे. अनवाणी आहे बिचारी."

मला कुणी दिसलं नाही. गावातली एखादी बाई कामाला निघाली असेल, असं मी धरलं. पण कान दिला तेव्हा कळलं, पावलं तीन जणांची वाजत होती. आमच्या बुटांची दोन, आणि ओल्या डांबरावर पडणारी उघड्या तळव्यांची, थप थप, आमच्याच लयीत. तळं आटल्यावर येतो तसा चिखलाचा वासही येत होता.

तेवढ्यात उन्मेषचा फोन आला. किती मागे आहात, विचारत होता. मी अर्धा मिनिट उभी राहिले असेन. मान वर केली, तर वृंदाताईंचा टॉर्च रस्त्यावर नव्हता. डाव्या हाताला, खाली, झाडांमधून चालला होता.

तिथे जुना रस्ता फुटतो. धरणातलं पाणी वाढलं तेव्हा तो पाण्याखाली गेला. आता उतरून थेट पाण्यातच शिरतो.

मी हाका मारत उतारावरून धावले. पोचले तेव्हा वृंदाताई गुडघाभर पाण्यात होत्या. शेजारी जुन्या रस्त्याचा मैलाचा दगड अर्धा बुडालेला. त्यांचा डावा हात पुढे ताणलेला होता, कुणी धरून ओढावा तसा. मी उजवा धरला.

"सोड, प्रतिभा… पोर तापलंय तिचं."

"वृंदाताई, पुढे पाणी आहे."

"पलीकडे डॉक्टर आहेत म्हणते. एकटीला भीती वाटते तिला… मी नुसती सोबत जाते."

मी जोर लावून ओढलं. एकट्या बाईचं वजन नव्हतं ते. पायाखालचं डांबर शेवाळलेलं, मी घसरत होते आणि दोघी पाण्याकडे सरकत होतो. मग एकदम पलीकडून सुटलं आणि आम्ही मागे आपटलो. पाणी हललं नाही. कुठे आवाजही झाला नाही.

वृंदाताई उठून बसल्या. त्यांनी पँट पिळली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "किती किलोमीटर झाले?"

टपरीवर बनूबाईंनी त्यांच्या ओल्या पँटकडे पाहिलं आणि माझ्या हातात चहा दिला. वृंदाताई गाडीत कपडे बदलायला गेल्यावर हळूच म्हणाल्या, "उताराला गेल्ता काय?"

मी मान डोलावली.

"पाडा व्हता तिकडं. एक बाय पोराचं औषध आणाया पहाटंची निंघाली ती आलीच नाय. पोर पन गेलं. थंडीत सोबत मागते ती."

"आणि कुणी दिली तर?"

बनूबाईंनी चुलीत काटकी सारली. "दिली त्याला इचारला पायजे. तसा कोन गावला नाय अजून."

वृंदाताईंनी सराव सोडला नाही. जानेवारीत त्यांनी हाफ मॅरेथॉन पुरी केली, तीही माझ्या बारा मिनिटं आधी. उन्मेष खूश होता. "ताई, दम कसा लागला नाही तुम्हाला?" त्यानं विचारलं. "लागतच नाही आता," त्या म्हणाल्या. कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मीही त्यांचं कौतुक केलं.

मे महिन्यात त्याच म्हणाल्या, "चल, तो रस्ता बघून येऊ." सकाळी आठला, लख्ख उन्हात गेलो. पाणी खूप मागे हटलं होतं. मी त्यांना ओढलं तो मैलाचा दगड पूर्ण कोरडा होता आणि त्याच्यापुढे भेगाळलेला चिखल, शंभरेक पावलं. डिसेंबरात तिथे डोक्यावरून पाणी होतं.

त्या चिखलात दोन माणसांचे ठसे वाळले होते. एक अनवाणी, एक बुटांचे. दगडापासून सुरू होऊन, शेजारी शेजारी, खाली पाण्यापर्यंत गेलेले.

वृंदाताईंच्या पायात तेच बूट होते. त्यांनी एका ठशावर पाऊल ठेवलं. टाचेपासून चवड्यापर्यंत, नक्षीसकट, बरोबर बसलं. मग पाण्याकडे एकदा बघून त्या वळल्या आणि चढ चढू लागल्या.

मी दगडापासून पाण्यापर्यंत दोनदा चालून पाहिलं. परत येणारा एकही ठसा नव्हता.

"येतेस ना, प्रतिभा?" वरून हाक आली.

मी हो म्हटलं. पण त्या पुढे निघाल्यावरच मी वर चढले.