एक ते तेवीस

सुट्टीच्या पहिल्याच सकाळी ताईने कॅमेरा काकाच्या पुढ्यात आपटला नाही, एवढंच. आईचा होता, म्हणून हात आवरला.

साधा, स्वस्तातला, दोन सेलवर चालणारा कॅमेरा. काकाने तो ऑफिसच्या सहलीला नेला होता. परत आला तेव्हा आत फक्त सहल. कार्ड भरलं होतं, जागा हवी होती, म्हणून पुसलं, असं काका म्हणाला. वर हसला. "कुंड्या आणि मांजरी तर होत्या. त्यात काय एवढं?"

त्यात आईचे चार फोटो होते. आई जाऊन पाच महिने झाले होते. घरात फोटो काढणारी तीच, त्यामुळे दुसरीकडे ती कुठेच नव्हती.

बाबा म्हणाले, जाऊ दे. ताईला त्यांचाही राग आला.

ताई, धाकटा आणि शेजारचा चष्मिस जिन्यात बसले. आईने छापून आणलेल्या फोटोंचा डबा त्यांनी पायरीवर पालथा केला. एखाद्यात तरी आई असेल! नव्हती. पण प्रत्येक फोटोमागे तिने कॅमेऱ्यातला नंबर लिहिला होता. रिकामपणची कामगिरी म्हणून चष्मिसने ते ओळीने लावले आणि थबकला.

"चोवीसपासून सुरू होतात. एक ते तेवीस कुठे गेले?"

"काकाने खाल्ले," धाकटा म्हणाला.

ताई हसली नाही. तिला आठवलं, कॅमेरा आणला तेव्हा दुकानात कार्ड संपलं होतं. ते आठवड्याने मिळालं. तरी आई आठवडाभर घरात खटाखट फोटो काढत हिंडत होती.

"मग ते फोटो साठत कुठे होते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईने खालचं झाकण उघडून कार्ड काढलं आणि कॅमेरा सुरू केला. कॅमेऱ्याला स्वतःचंही इवलंसं पोट होतं. कार्ड असलं की ते दिसत नव्हतं, इतकंच.

पहिला फोटो छताचा. दुसऱ्यात आईचं बोट. मग किटली, चपला, तोंड उघडं टाकून झोपलेले बाबा. तेविसावा आरशातला. कॅमेरा छातीशी धरलेली आई, कपाळाला आठी, बटण सापडत नसल्यासारखी.

बाबांनी तो उभ्यानेच पाहिला. मग खाली बसले. म्हणाले, "जाऊ दे म्हणालो, ते चुकलंच माझं. तुम्ही जाऊ दिलं नाहीत. शाबास."

काकाही डोकावला. "पोरं भलतीच हुशार आहेत," म्हणाला. ताईचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिने कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ही घे तुझी सहल. कॅमेरा आता घराबाहेर जाणार नाही."

काका काहीतरी बोलणार होता. बाबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो कार्ड खिशात घालून गेला.