परतीची दोरी

दुपारी सव्वातीनला तलावाकाठच्या पंपघरातला राउटर उत्तर देईनासा झाला.

भर उजेडात, गजबजलेल्या ऑफिसात घडलेली ही गोष्ट. विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, यात माझ्या पदरचं काही नाही. ताई माझी मावसबहीण. तिनेच सांगितलं.

ताई पाणीपुरवठ्याचं नेटवर्क सांभाळते. तिची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, ऑफिसातूनच एकेका पंपघराचा राउटर उघडते, पासवर्ड देते, सेटिंग बदलते. स्क्रिप्ट मूळची अण्णांची. तिला हे काम शिकवणारे अण्णा गेल्या वर्षी तलावाकाठच्या त्याच पंपघरात, राउटरसमोरच्या खुर्चीत, बसल्या बसल्या गेले.

अण्णांचा एक नियम होता.

"पोरी, परतीची दोरी बांधल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही."

म्हणजे, बदल करण्याआधी राउटरला बजावून ठेवायचं : दहा मिनिटांत माझा निरोप आला नाही, तर बंद होऊन पुन्हा सुरू हो. मग बदल चुकून आपण बाहेर अडकलो, तरी तो जुन्या सेटिंगवर परत येतो.

ताईने दोरी बांधली होती. बदल चुकला. ती बाहेर अडकली.

दहा मिनिटं उलटली...

राउटर बंद झालाच नाही.

शेवटी ती ऑफिसात बसूनच, शेजारच्या पंपघराच्या राउटरमार्गे, मागच्या वाटेने त्या राउटरमध्ये शिरली. नोंद स्पष्ट होती. पुन्हा सुरू होण्याचा आदेश रद्द. कुणी केला? राउटरला तिथेच तार जोडून बसलेल्या माणसाने.

नोंदीप्रमाणे तो माणूस अजून बसलेला होता...

तिचा धाकटा भाऊ बाळ्या त्याच खात्यात वायरमन. मावशी गेल्यापासून ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. तो त्या पंपघराजवळच होता. तिने फोन लावला.

"बाळ्या, पंपघरात कोण शिरलंय बघ."

"कोण शिरणार, तायडे? किल्ली माझ्या खिशात आहे."

कुलूप उघडल्याचा आवाज आला.

"कुणी नाही. खुर्ची, राउटर आणि मी. तुझा चोर चहा प्यायला गेला वाटतं."

"राउटरला तार जोडलीय?"

"कुठली तार? भोकात धूळ साचलीय."

ताईने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे बसलेल्याने शेवटची कळ दाबली, त्याला झालेला वेळ...

शून्य सेकंद.

"बाळ्या, बाहेर ये! आधी बाहेर ये!"

फोन कट झाला.

पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त.

ताई जीप घेऊन पोचली तेव्हा पंपघराचं दार आतून लावलेलं होतं. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. बऱ्याच वेळाने बाळ्याने उघडलं. फोन अजून कानाला होता.

"अगं, तू इथे कशी? आत्ता फोनवर बोलतेयस ना माझ्याशी?"

ताईने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"काय... काय बोलले मी?"

"दार लावून घे, खुर्चीत बस, मी सांगेपर्यंत हलू नकोस." बाळ्याने कपाळावरचा घाम पुसला. "आणि दोरी सोडलीय म्हणालीस. कसली दोरी गं?"

अण्णांचा दोरीचा नियम तिने त्याला कधीच सांगितलेला नव्हता.

तो राउटर काढून आणला. ऑफिसच्या कपाटात विजेविना पडून आहे. स्क्रिप्टमधूनही ताईने त्याचं नाव काढलं.

काल सकाळी स्क्रिप्ट पुन्हा त्याच राउटरपाशी जाऊन थांबली. जोडणी झाली. तिथे बसलेला माणूस, एक.

नाव बाळ्याचं होतं.

बाळ्या त्या वेळी ताईच्या शेजारी उभा होता.