भुंग्या गप्प राहायला शिकतो

ट्रॅक्टरला किल्ली असते. मोटारीला असते, स्कूटरला असते, आताशा तर सायकलसुद्धा मालकाच्या बोटाचा ठसा लागल्याशिवाय हलत नाही. मग ट्रॉलीला किल्ली का नसते?

ज्ञानदाने हा प्रश्न विचारला तेव्हा आबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, चहात बटर बुडवत होते.

"कारण ट्रॉलीला इंजिनच नसतं," आबा म्हणाले. "किल्ली फिरवून चालू करायचं काय? ती बिचारी आपल्या पायांनी कुठे जात नाही. जो पुढे हूक लावेल त्याच्या मागे निघाली."

"कोणाच्याही?"

"कोणाच्याही. मालक कोण आणि चोर कोण, हे तिला काय कळतंय!"

बोलण्याच्या नादात बटर गळून कपात पडलं. आबा आयुष्यभर शास्त्रज्ञ होते, पण बटर किती वेळ बुडवावं हे गणित त्यांना कधीच जमलं नाही.

ज्ञानदाचा प्रश्न काही रिकामपणाचा नव्हता. तिची आई मधमाश्या पाळायची. त्या काळात बागांमध्ये परागीभवनासाठी (म्हणजे एका फुलातले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचवण्यासाठी) माश्या कमी पडू लागल्या होत्या. म्हणून माश्यांच्या पेट्या ट्रॉलीवर रचून, छपरावर सौरपत्रे बसवून, काही लोक फुलोऱ्यामागून गावोगाव फिरायचे. यंदा आईची ट्रॉली माणदेशात, दिगंबरतात्यांच्या डाळिंबाच्या बागेत उभी होती. बागेच्या कडेला ज्ञानदा आणि आईचं घडी घालून नेता येणारं घर होतं आणि सुट्टीत आबाही राहायला आले होते.

गेल्या वर्षी आईची पहिली ट्रॉली चोरीला गेली होती. भर दिवसा. आई जेवायला गेली आणि कोणीतरी हूक लावून ट्रॉली घेऊन गेलं. ट्रॉली गेली ती गेलीच, पण त्याहून वाईट पुढे होतं. फुलांवर गेलेल्या माश्या परत आल्या तर पेट्याच नाहीत. अंधार पडेपर्यंत त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिल्या. सकाळी तिथे मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. आईने तो हातांनी गोळा केला. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. जरा कुठे खुट्ट झालं की ती उठून ट्रॉली बघून यायची. ही दुसरी ट्रॉली गेली, तर माश्यांचं काम सोडून द्यायचं, असं तिने एकदा आबांना सांगितलं होतं, आणि ज्ञानदाने ते ऐकलं होतं.

म्हणून यंदा राखणीला भुंग्या आला.

भुंग्या म्हणजे वाटीएवढा यंत्ररक्षक. ट्रॉलीच्या पुढच्या दांडीवर, हूक लागतो तिथून हातभर मागे, तो बसवला होता. त्याच्याकडे एक संवेदक होता (संवेदक म्हणजे यंत्राचं ज्ञानेंद्रिय), एक खणखणीत आवाज होता आणि उत्साह तर विचारूच नका.

"धावा! धावा! मला कोणीतरी हलवतंय!"

आई धावली, ज्ञानदा धावली, तात्या धावले. ट्रॉलीला अंग घासत तात्यांची शेळी उभी होती.

थोड्या वेळाने वावटळ आली. "धावा! धावा!" मग आईने स्वतःच पेटीचं झाकण उघडलं. "धावा! धावा!"

दुसऱ्या दिवशी तात्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आवं ताई, ह्यो राखणदार हाय का लग्नातला कर्णा? माझ्या म्हशीनं पान्हा चोरलाय कालधरनं. चोर यायचा तवा यील, पर आमी आदी याडं हुतूया की!"

"माझं चुकलं का?" भुंग्याने बारीक आवाजात विचारलं. "हललो, म्हणून सांगितलं."

चुकलं नव्हतंच त्याचं. हलवलं की ओरड, एवढंच त्याला कारखान्यात शिकवलं होतं. पण तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडे कानाडोळा करायला सुरुवात केली. तो ओरडायचा आणि लोक आपापलं काम करत राहायचे.

आणि नेमकं त्याच दिवशी ते घडलं. तात्यांच्या बागेत काम करणारा मच्छिंद्र स्वभावाने अगदी भला. ट्रॉली उन्हात आहे, माश्यांना ताप होत असेल, म्हणून त्याने ट्रॅक्टर लावला आणि ट्रॉली ओढून पलीकडच्या कडुलिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. भुंग्या सारखा ओरडत होता, "धावा! मला नेतायत! या वेळी खरंच नेतायत!" कोणीही मान वर केली नाही.

ज्ञानदा पाण्याला म्हणून बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. ट्रॉलीच्या रिकाम्या जागेवर, बरोबर पेट्यांच्या उंचीवर, हजारो माश्या हवेत घोंगावत होत्या. सावलीतली ट्रॉली तिथून नजरेसमोर होती, पण त्या तिकडे वळतही नव्हत्या.

"आई गं!" ज्ञानदा किंचाळली.

आई आली. तो देखावा पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मच्छिंद्र, परत आण! होती तिथेच, अगदी त्याच जागी!"

"ताई, म्या सावलीसाटनं..." मच्छिंद्र रडकुंडीला आला होता.

"कळलं रे बाबा, पण आधी आण!"

ट्रॉली परत जागेवर आली. माश्या क्षणभर गोंधळल्या, मग एकेक करून आपापल्या दारात शिरू लागल्या. आई तिथेच मातीत बसली आणि तिने पदराने डोळे पुसले. "ट्रॉली हलवायची ती अंधार पडल्यावर, सगळ्या घरात आल्यावरच," ती मच्छिंद्रला समजावून म्हणाली. "त्या पेटी लक्षात ठेवत नाहीत रे. जागा लक्षात ठेवतात."

ज्ञानदा मात्र विचारात पडली होती. सकाळपासून शेळीने ट्रॉलीला तीनदा धडका दिल्या. वाऱ्याने पेट्या खडखडल्या. माश्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. ट्रॉली पंधरा-वीस पावलं सरकली, तेव्हा मात्र त्यांचं जगच हरवलं.

"आबा," ती धावत गेली, "माश्या भुंग्यापेक्षा हुशार आहेत! भुंग्या विचारतो, हललं का? माश्या विचारतात, जागेवर आहे का?"

आबांच्या हातातलं बटर पुन्हा कपात पडलं. या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"अगं, हाच तर प्रश्न!" ते उठलेच. "जा, एक खोलगट ताटली आण. आणि एक लिंबू."

लिंबू ताटलीच्या मधोमध ठेवून आबांनी ती ज्ञानदाच्या हातात दिली. "हे समज भुंग्याचं पोट. त्याच्या आत त्वरणमापक असतो (त्वरण म्हणजे वेग बदलणं, तो बदल मोजणारं हे उपकरण). त्यात मोहरीहून बारीक असं एक वजन, इवल्याशा स्प्रिंगांना टांगलेलं. ते वजन म्हणजे हे लिंबू. आता शेळी हो."

ज्ञानदाने ताटली हलवली. लिंबू इकडे गेलं, तिकडे गेलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा मधोमध येऊन थांबलं.

"आता चोर हो. ट्रॉली पळवायची आहे. पहिलं काय करशील?"

"हूक लावीन."

"आणि दांडी तर खाली टेकूवर आहे. ती आपोआप हुकावर चढेल?"

"नाही... आधी उचलावी लागेल." ज्ञानदाने ताटलीची एक कड उचलली. लिंबू घरंगळत मागच्या कडेला गेलं आणि तिथेच राहिलं. तिने वाट पाहिली. लिंबू हललं नाही. पृथ्वी त्याला खाली ओढत होती, आणि आता खालची बाजू तीच होती.

"जोवर ट्रॉलीचं नाक वर, तोवर लिंबू मागे," ज्ञानदा हळूच म्हणाली. "शेळीचं लिंबू परत येतं. चोराचं येत नाही!"

"शाब्बास! याला म्हणतात कल (म्हणजे एका बाजूला झुकणं). धक्का येतो आणि जातो, कल टिकतो. भुंग्याने हललं की ओरडायचं नाही. थोडं थांबायचं आणि बघायचं, मी परत जागेवर आलो का?"

भुंग्याला हे फारच आवडलं. "थांबतो! एक तास थांबू?"

"तासाभरात चोर साताऱ्याला पोचलेला असेल ट्रॉली घेऊन," आबा म्हणाले.

"मग डोळ्याचं पातं लवेपर्यंत थांबतो!"

"मग परत शेळीला चोर म्हणशील," ज्ञानदा म्हणाली.

आली का पंचाईत! कमी थांबलं तर खोटी हाक, जास्त थांबलं तर रिकामी जागा. आबांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतून दोन जाडजूड वस्तू काढल्या. एक कुलूप दांडीच्या टोकाचं, दुसरं चाकाला घट्ट पकडणारा लोखंडी जबडा.

"कुलपं तोडता येतात की," ज्ञानदा म्हणाली.

"सगळीच येतात. कुलूप चोराला कायमचं अडवत नाही, चोराचा वेळ खातं. हा जबडा कापायला त्याला जेवढा वेळ लागेल, त्याच्या आत भुंग्याची हाक आली पाहिजे आणि आपण पोचलो पाहिजे. नुसतं कुलूप असेल तर चोर सावकाश कापत बसेल. नुसता भुंग्या असेल तर आपण पोचेपर्यंत ट्रॉली गेलेली असेल. दोघं मिळून राखण होते."

संध्याकाळपर्यंत आबांनी दोन्ही कुलपं बसवली आणि भुंग्याला नवा धडा शिकवला: शेळीचं लिंबू परत यायला लागतो त्याहून जरासा जास्त वेळ थांबायचं, पण जबडा कापून होण्याच्या कितीतरी आधी हाक द्यायची. टेकूची उंचीही कमी केली, म्हणजे कोणाचाही हूक दांडीपेक्षा वरच राहील आणि नाक उचलल्यावाचून भागणार नाही.

दुसरा दिवस उजाडला आणि बागेत शांतता पसरली. इतकी शांतता, की आईला धास्ती वाटू लागली. तिने जाऊन भुंग्याला टिचकी मारली.

"आहेस ना रे?"

"आहे. शेळी आली होती. गेली."

दुपारी वावटळ आली. छपराचे पत्रे थडथडले. आई पुन्हा गेली. "आहेस ना?"

"आहे. वारा होता. मी जागेवर आहे."

उन्हं कलायला लागली. तात्या, मच्छिंद्र, आबा, आई आणि ज्ञानदा बागेच्या दुसऱ्या टोकाला डाळिंबाच्या फांद्यांना बांबूचे आधार देत होते. तेवढ्यात आवाज आला. ओरडा नव्हता. स्पष्ट, ठाम, शांत आवाज होता.

"माझं नाक वर गेलंय. परत खाली आलेलं नाही. लवकर या."

दिवसभरात भुंग्याने पहिल्यांदाच स्वतःहून हाक दिली होती. म्हणून या वेळी एकाचंही पाऊल अडखळलं नाही. आई सगळ्यांच्या पुढे पळत होती. मच्छिंद्र हातातल्या बांबूसकट निघाला. तात्या धोतर सावरत ओरडत होते, "धरा रं धरा! भुंग्या बोललाय, म्हंजी खरंच हाय!"

ट्रॉलीपाशी एक अनोळखी पिकअप गाडी उलटी लावलेली होती. तोंडावर माश्यांची जाळी बांधलेले दोघे जण होते. दांडीचं कुलूप फोडून, जॅकने दांडी उचलून त्यांनी हुकावर ठेवलीही होती. पण चाकाचा जबडा अजून सुटला नव्हता, आणि एक जण यंत्राच्या करवतीने तो कापत होता. माणसं धावत येताना दिसताच दोघांनी गाडीत उड्या मारल्या. हुकात पिन घालायलाही ते थांबले नाहीत. गाडी सुटली, दांडी धप्पकन जमिनीवर आली आणि धूळ उडाली. तात्यांनी गाडीचा नंबर मोठमोठ्याने पाठ करतच पोलिसांना फोन लावला.

आईने वाकून जबडा पाहिला. लोखंड बोटभर कापायचं राहिलं होतं. तिने ट्रॉलीच्या चाकांखालची माती पाहिली. चाकं तसूभरही सरकली नव्हती. बागेकडून माश्या येत होत्या, पायांना परागांच्या पिवळ्या गोळ्या चिकटवून, नेहमीसारख्या आपल्याच दाराशी उतरत होत्या.

"सगळ्या घरी आल्या," आई म्हणाली, आणि तिने ज्ञानदाला असं घट्ट धरलं की ज्ञानदाला श्वास घेता येईना. तिला ते चाललं.

तात्यांनी भुंग्याच्या डोक्यावर हात फिरवला. "म्या तुला कर्णा म्हनलो, ते माघारी घ्येतो बाबा."

"कर्णा म्हणजे काय?" भुंग्याने विचारलं. त्याला कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी आबा अंगणात बसले होते. नोकरीत असताना ते घाटातल्या दरडींवर लक्ष ठेवणारी यंत्रं बनवायचे. "आमची पहिली यंत्रं भुंग्यासारखीच होती," ते म्हणाले. "ट्रक गेला की ओरड, गडगडाट झाला की ओरड. खालच्या वाडीतल्या लोकांनी ऐकणंच सोडून दिलं."

"मग डोंगरालाही माश्यांचा प्रश्न विचारायचा ना! परत जागेवर आलास का?"

"तोच विचारू लागलो, पण आम्हाला सुचायला कितीतरी वर्षं लागली. आता त्या वाड्यांमध्ये भोंगा वाजला की माणसं खरंच घराबाहेर पडतात."

ज्ञानदाच्या डोळ्यांपुढे जुने पूल आले, उंच टाक्या आल्या, शाळेची मागची भिंत आली. या सगळ्यांना हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. आपणच का नाही, असं तिला वाटलं.

ती आईला हे सांगायला वळली. आई खाटेवर टेकली होती, हातात निवडायची मेथी तशीच होती, आणि दिवेलागणीलाच तिला गाढ झोप लागली होती.

तेवढ्यात ट्रॉलीकडून खडखड ऐकू आली. शेळी पुन्हा अंग घासत होती. ज्ञानदाने श्वास रोखून भुंग्याकडे पाहिलं. भुंग्या थांबला. ट्रॉली डुलली, डुलली आणि जागेवर आली.

तो काहीच बोलला नाही. आई झोपलेलीच राहिली.