आतलं गिऱ्हाईक

सुया, दोरे, लेस आणि बटणं विकण्यात आत्याचा जन्म गेला होता. साऱ्या गल्लीची ती आत्या, आणि भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक तिच्या एका नजरेत गार व्हायचं. पुढे दुकान, मागे तिची खोली, खोलीतून माळ्यावर जाणारा लाकडी जिना. नवरा लवकर गेला. लेक शिकून परगावी नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला.

मग गिऱ्हाईक यायचं थांबलं. जो तो फोनवर खरेदी करू लागला. आत्या काउंटरमागे बसून रस्त्यावरून जाणारी माणसं बघत राही, आणि संध्याकाळी बोलायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा यायचा, दिवसभर न वापरल्यासारखा.

तेव्हा तिच्या भाचीने, ती संगणकावर कामं करायची, दुकानाची वेबसाइट करून दिली. आत्याची शाळा पाढ्यांपाशीच सुटली होती, पण धंद्यातलं तिला कुणी शिकवावं अशी कुणाची टाप नव्हती. भाचीने समजावलं की वेबसाइट विसरभोळी असते. माणूस या पानावरून त्या पानावर गेला की तिला तो परका वाटतो. म्हणून लॉगिन केलं की ती गिऱ्हाइकाला एक न दिसणारी चिठ्ठी देते आणि पानोपानी ती बघून त्याला ओळखते. बराच वेळ काही हालचाल दिसली नाही की चिठ्ठी रद्द होते आणि गिऱ्हाईक बाहेर पडतं.

आत्या उखडलीच. एका बटणासाठी बायका अर्धी दुपार उभ्या राहतात, त्यांना काय दंडाला धरून काढायचं?

"मी आजवर कुणाला जा म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुझं यंत्रही म्हणणार नाही."

भाचीने ती मुदत काढून टाकली. आता गिऱ्हाईक आपणहून निघेपर्यंत चिठ्ठी चालणार. शिवाय दुकानात कोण आहे हे मालकिणीला कळायला हवं, म्हणून काउंटरवर एक स्क्रीन बसवली. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव दिसे आणि नावापुढे ते कुठल्या पानावर आहे ते. आत्या तिच्यासमोर अशी बसे, जणू दुकान भरलंय.

पण धंदा काही उभा राहिला नाही. लेकाने दुकान बंद करायचं ठरवलं. आत्याने त्याच्याकडे राहायला जायचं, सुनेने एक खोली रिकामी केली होती. त्या खोलीला रस्त्याकडे खिडकी नाही, हे आत्याने आधीच विचारून घेतलं होतं. तिने जास्त वाद घातला नाही. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की उठेन, एवढंच म्हणाली, आणि तिचा शब्द मोडायची हिंमत लेकात कधीच नव्हती.

दुकान बंद होतंय, असे भाचीने सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले. स्क्रीनवरची नावं एकेक करून गेली. एक ओळ मात्र राहिली. तिच्यात नावाची जागा कोरी होती, आणि पुढे लिहिलेलं होतं: बटणं.

नावाशिवाय कुणी आत येऊच शकत नाही, असं भाची फोनवर म्हणाली. आत्या मनातून खूश झाली. राहू दे की. तिची बॅग दुकानाच्या कोपऱ्यात अर्धी भरून पडली होती, ती तशीच राहिली.

दुपारच्या सामसुमीत ती त्या ओळीशी बोलू लागली. शिंपल्याची बटणं बघत असाल तर ती नाजूक आहेत, म्हणाली. ओळ बदलली: लाकडी बटणं. आत्या हसली. कितीतरी दिवसांनी तिचं ऐकून कुणी पुढचं पाऊल टाकलं होतं. ती मग रंगांबद्दल बोलली, लेकाबद्दल बोलली, सुनेची यथेच्छ उणीदुणी काढली. ओळ एकाच पानावर थांबून राहिली, कान देऊन बसल्यासारखी.

मग एके दिवशी तिथे आलं: जिना.

आत्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जिना ती विकत नव्हती.

तिने भाचीला विचारलं. असं पान आपण केलेलंच नाही, भाची म्हणाली. पान नसेल तर त्यावर कुणी असणार कसं? तिने तिकडून वेबसाइटच बंद करून टाकली आणि मी लगेच निघते, म्हणाली.

स्क्रीनवर ओळ तशीच होती. जिना.

मग: मागची खोली.

आत्याने मागे वळून पाहिलं नाही. मागून सुकलेल्या लाकडाचा वास आला, आणि खोलीतल्या खाटेची दोरी करकरली. आत्या बसली की करकरते, तशीच.

ओळ बदलली: खाट.

जा म्हणायला तिचं तोंड उघडलं. आयुष्यभर न वापरलेला तो शब्द जिभेवर आलाच नाही.

भाचीची गाडी दारात थांबली तेव्हा आत्या बॅगेची चेन लावून उभी होती. मागच्या खोलीतलं एक लुगडंही तिने घेतलं नव्हतं.

"आणि तुझं गिऱ्हाईक?" भाचीने गाडीतूनच विचारलं.

"त्याला बसू दे," आत्या म्हणाली. "मी येते."

बाहेर ऊन होतं. ती पायरीवर आली, टाचा उंचावल्या आणि शटरला हात घातला. वर्षानुवर्षांचं ते गंजकं शटर कमरेपर्यंत आलं आणि अडलं.

तिने हात काढून घेतला.

उरलेलं शटर आतून हळूच खाली ओढलं गेलं, पाहुणा झोपलेला असताना ओढावं तसं, आवाज न करता. मग आतली कडी सरकली.

 आत्या बॅग उचलून गाडीत जाऊन बसली.

"नीट लावलंस ना?" भाचीने विचारलं.

"लागलंय," आत्या म्हणाली.