एकेचाळिसाव्या झाडाचं उत्तर

दिवा जरा बारीक करा. आणि तो फोन पालथा ठेव बाळा, तुझ्या तोंडावर उजेड पडतोय.

सांगणार नव्हतो. पण दुपारी मोजणीचा सराव चालला होता तेव्हा तुमच्यातला एक जण हसला. कोण ते मी पाहिलंय. मोजणाऱ्याने झाडाचा नंबर आणि घेर ओरडून सांगायचा, लिहिणाऱ्याने तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा, आणि ते उत्तर कानावर पडेपर्यंत मोजणाऱ्याने टेप सोडायची नाही. 'काका, हे काय पाढे म्हणायचे?' असं विचारून तुम्ही दात काढलेत. काढा. उद्या पहाटे तुम्हाला रानात सोडायचंय, त्याआधी बोरूचं काय झालं ते ऐका.

बोरू म्हणजे लिहिणारा. अक्षर मोत्यासारखं, म्हणून ते नाव पडलं. त्याच्याबरोबर मोजायला असायचा त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो बोरूचा दाजी, म्हणून आम्हा सगळ्यांचाच दाजी. बोरूला नोकरी त्यानेच लावून दिली होती. माणूस भला, पण कामात कर्दनकाळ. एका आकड्याला उत्तर आलं नाही तर दाजी पाऊण तास एका झाडापाशी उभा राहील, पण हलणार नाही. आम्ही चेष्टा करायचो की याला लग्नात 'मान्य आहे' असं दोनदा म्हणायला लावलं असेल.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोळा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला साहेबांनी बोरूला केबिनमध्ये बोलावलं आणि लाल रंगाचा डबा आणि ब्रश त्याच्या हातात दिला. पाऊस संपला की दरवर्षी रानातल्या ठरलेल्या प्लॉटांमधली सगळी झाडं मोजायची, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची आणि तिथेच लाल पट्टा ओढायचा, हे तुम्ही शिकलातच. रान वाढतंय की मरतंय ते त्यावरून कळतं. नऊ नंबरच्या प्लॉटमध्ये मात्र वर्षभर कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. त्रेसष्ट झाडांचे आकडे साहेबांनी खुर्चीत बसून भरले होते, मागच्या आकड्यात एक-दोन मिळवून. आणि उद्या सकाळी वरून तपासणीस यायचे होते. म्हणून रातोरात जाऊन ताजे पट्टे ओढून ये, म्हणजे मोजल्यासारखं दिसेल, असं साहेबांनी सांगितलं. वर हसून म्हणाले, झाडं काही साक्ष द्यायला येत नाहीत.

बोरू डबा घेऊन माझ्या जीपमध्ये बसला. 

आता नऊ नंबरला कोणी का जात नव्हतं ते सांगतो, आणि सांगताना माझं डोकं फिरतं, तेव्हा मध्ये बोलू नका. आदल्या वर्षी, तेरा नोव्हेंबरला, रविवार असूनही साहेबांनी दाजी आणि बोरूला माझ्या जीपमधून तिथे पाठवलं. तोंडी. कागदावर अक्षर नाही. एकेचाळीस नंबरच्या झाडावर एक वठलेलं खोड रेललं होतं. ते पाडा, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात बसेल, असं दाजीने तीनदा सांगितलं होतं. साहेब म्हणाले, बघू. दाजीने चाळीस झाडं मोजली. एकेचाळिसाव्याला टेप लावली, आकडा ओरडला. उत्तर आलं नाही. बोरू फोन वाजला म्हणून उताराखाली रेंजमध्ये गेला होता. फोन साहेबांचाच, किती झालं विचारायला. दाजी टेप धरून उभाच राहिला. वारा सुटला...

बोरूने वर येऊन पाहिलं तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या रात्री साहेबांनी बोरूला आणि मला समोर बसवून जबाब लिहून घेतला. रविवारी कोणालाच काम नव्हतं. तो आपणहून गेला, लाकूड चोरायला. बोरूची नोकरी कंत्राटी, मार्चमध्ये संपायची. त्याने सही केली. चाळीस झाडांचा खरा कागद साहेबांनी माझ्यादेखत जाळला. आणि जीप दिवसभर इथेच उभी होती, असं मी लिहून दिलं. हो, मीसुद्धा. थुंका माझ्यावर, तेवढी माझी लायकी आहे.

दाजीची बायको, म्हणजे बोरूची ताई, वर्षभर लाकूडचोराची बायको म्हणून त्याच गल्लीत राहिली. नळावर बायका गप्प व्हायच्या. तिचा एकच प्रश्न असायचा, ते रविवारी तुझ्याबरोबर होते का? बोरू दर वेळी नाही म्हणायचा आणि तिच्याच हातचं जेवून परत यायचा.

तर, सातला वीस कमी असताना मी त्याला पायवाटेच्या तोंडाशी उतरवलं. चंद्राची कोर टेकडीमागे गेली होती. कपाळावर बॅटरी बांधून तो आत शिरला. दहा मिनिटांची वाट. पहिल्या झाडापाशी त्याने डबा उघडला, ब्रश बुडवला आणि पट्टा ओढला. दुसऱ्या झाडाकडे वळला.

मागून कोणीतरी म्हणालं, "एक. घेर चौऱ्याऐंशी."

आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोजच्या कामातला, जरा बसलेला. बोरूने मान वळवली नाही. भास असेल म्हणून त्याने दुसऱ्या झाडावर उजेड टाकला. खोडाला ठोकलेल्या नंबराच्या बिल्ल्यावर आकडा होता एक. पट्टा ओलाच. तो पुढे गेला, घाईने, वीस-पंचवीस पावलं. समोर झाड आलं. बिल्ला एक. रंगाचा ओघळ खाली उतरत होता.

"एक. घेर चौऱ्याऐंशी."

मग सवयीनेच बोरूच्या तोंडातून गेलं, "एक, घेर चौऱ्याऐंशी."

टेप गुंडाळल्याचा आवाज आला. पाचोळ्यावर पावलं वाजली... पुढे गेली. आता समोरच्या बिल्ल्यावर दोन होता.

मी इकडे जीपमध्ये बसलो होतो. मला रानातून बोरूचा आवाज येत होता. सात, घेर एकसष्ट. आठ, घेर नव्वद. मला वाटलं, पोरगा भीती घालवायला बडबडतोय. दुसरा आवाज मला एकदाही आला नाही. पण प्रत्येक उत्तराआधी तो थांबत होता. नेमका तेवढाच, जेवढा आकडा ऐकायला थांबावं लागतं.

तीस. पस्तीस. त्याचा हात आपोआप पट्टे ओढत होता. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

आणि मग...

"एकेचाळीस. घेर एकशे बारा."

आडवं पडलेलं खोड तिथेच होतं. कोणी उचललं नव्हतं. बोरूने डोळे मिटले. उत्तर दिलं. एकेचाळीस, घेर एकशे बारा.

टेपचा आवाज आला नाही. पाऊल हललं नाही.

"एकेचाळीस. घेर एकशे बारा."

पुन्हा उत्तर दिलं. पुन्हा तेच. आवाज चढला नव्हता, पण जवळ आला होता. पाचव्यांदा तो कानाशी आला. त्यात राग होता. वर्षभर साठलेला... दात आवळून धरलेला. सहाव्यांदा बोरूला मानेवर श्वास लागला. गार.

बोरू गुडघ्यावर बसला. "दाजी, मी इथे नव्हतो," तो म्हणाला. "मी खाली फोनवर होतो. तुम्ही कामावरच होता. मी खोटी सही केली."

रान गप्प झालं. रातकिडेसुद्धा.

मग अगदी हळू, "मग सांग."

टेप सुटली. पावलं पुढे गेली. बेचाळीसकडे.

तो धावत बाहेर आला तेव्हा डबा, ब्रश काही हातात नव्हतं. जीपमध्ये बसून त्याने मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, काका, गाडी ताईकडे घ्या. पावणेदहाला आम्ही तिच्या दारात होतो. त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलायला सुरुवात केली. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने त्याच्या अशी थोबाडीत दिली की शेजारचं दार उघडलं. माझ्याकडे वळली, आणि मीही गाल पुढे केला, पण मला तिने हातही लावला नाही. ते जास्त लागलं.

ती म्हणाली, "मला काय सांगतोस? मला ठाऊकच होतं. ज्यांच्यासमोर खोटं बोललास, त्यांच्यासमोर सांग. मी येते."

सकाळी नऊ वाजता नऊ नंबरमध्ये आम्ही सगळे उभे होतो. तपासणीस, साहेब, बोरू, ताई आणि मी. तपासणिसाने पट्ट्याला बोट लावलं, बोट लाल झालं. साहेब दुसरीकडे बघू लागले. बोरू सगळ्यांना एकेचाळीसपाशी घेऊन गेला आणि घडलं तसं बोलला. फोन, रविवार, जाळलेला कागद. मीही बोललो. साहेबांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. मेहुण्याच्या मृत्यूने बिचाऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्हणाले. ताईकडे बघत म्हणाले, "बाई, रविवारी इथे कोणीही मोजत नव्हतं. तुमचा नवरा चोर..."

तिथे त्यांचं तोंड थांबलं. जबडा हलला. घशातून वेगळाच शब्द आला.

"बेचाळीस. घेर सत्तर."

आम्ही बघत राहिलो. ते थांबले, कान देऊन. मग, "त्रेचाळीस. घेर एकशे एकोणतीस." हाताने तोंड दाबलं, तरी बोटांमधून आकडा आला. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. घाम टपटपत होता, डोळे पांढरे झाले होते, आणि माणूस उत्तरं देत होता. कोणाला, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. या प्लॉटमध्ये साहेबांनी त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता. तपासणिसाने कोरा कागद काढला आणि ते लिहायला लागले. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्रेसष्टपर्यंत बावीस झाडं झाली.

शेवटी कागदावर विचारतात तसं तपासणिसाने विचारलं, मोजणारा कोण? साहेबांनी दाजीचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. आणि खाली बसले.

तपासणिसाने स्वतः टेप घेऊन बावीस झाडं मोजली. एका सेंटिमीटरचाही फरक नाही. दोन्ही जबाब त्यांनी तिथेच नव्याने लिहून घेतले. बोरूची नोकरी गेली, माझं पेन्शन अडकलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साहेब दुसरीकडे गेले. हा माणूस आजही कुठेतरी खुर्चीवर बसतो, याची मला चीड येते, आणि ती जाणार नाही.

तो कागद मात्र ताईने मागून घेतला. तपासणिसाने माझ्यासमोर त्यावर त्या दिवसाची तारीख घातली होती, सतरा नोव्हेंबर. ताईने घरी येऊन कागद उघडला, देवासमोर ठेवायच्या आधी मला दाखवला. शाई तीच होती. अक्षरही तपासणिसाचंच. कुठे खाडाखोड नाही.

तारीख होती आदल्या वर्षीची. तेरा नोव्हेंबर, रविवार.